मौन म्हणजे संमती? जेफरसनचा १९ वर्षांचा हिशेब आणि मॅडिसनचं उत्तर

टिपणवही (धागाकर्ता)

६ सप्टेंबर १७८९ या तारखेचं थॉमस जेफरसनचं पॅरिसहून जेम्स मॅडिसनला लिहिलेलं एक पत्र आहे (दोघेही पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले). एका पिढीला पुढच्या पिढीचे हात बांधून ठेवता येतात का, हा त्यातला प्रश्न. 'पृथ्वी जिवंतांची आहे' हे त्यातलं वाक्य जिथेतिथे भेटतं, पण त्यामागची आकडेमोड फारशी कुणी उघडत नाही. ती इथे मांडतो, मग झोडपा हवं तर.

आधी एक शब्द. जेफरसन नुसतं 'जिवंतांची' म्हणत नाही, 'जिवंतांच्या युझुफ्रुक्टमध्ये' म्हणतो. रोमन कायद्यातला हा शब्द : हयात असेपर्यंत वापरा, फळं खा, पण मूळ चीज मोडू नका आणि गहाण टाकून जाऊ नका. मेल्यावर माणसाची जमीन मुलाला मिळते की सावकाराला, हे समाजाच्या कायद्याने ठरतं. निसर्गाने मेलेल्याला त्यात काही हक्क ठेवलेला नाही.

आता हिशेब. एक पिढी एका दिवशी जन्मून एका दिवशी मेली असती तर प्रश्न सोपा होता. माणसं रोज जन्मतात, रोज मरतात. म्हणून त्याने फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बफाँ याचा मृत्यूंचा तक्ता घेतला. त्यात २३,९९४ मृत्यू वयानुसार मांडलेले आहेत. दर वर्षी तितकीच मुलं जन्मतात आणि तक्त्याप्रमाणेच मरतात, असा समाज त्याने कल्पिला. त्या समाजाची लोकसंख्या कायम ६,१७,७०३ राहते. दर वर्षी १०,६७५ जण २१ वर्षं पूर्ण करतात. २१ वरचे लोक कायम ३,४८,४१७ असतात. आणि आज हयात असलेल्या या प्रौढांपैकी निम्मे १८ वर्षं ८ महिन्यांत गेलेले असतात. जवळचा पूर्णांक १९. म्हणजे आज ज्यांनी ठरवलं त्यांच्यातले बहुसंख्य १९ वर्षांनी उरत नाहीत. त्यापुढे कर्ज चालत नाही, कायदा चालत नाही, राज्यघटनाही चालत नाही. त्यानंतर ती लादली तर ती जबरदस्ती झाली, हक्क नव्हे.

उदाहरण पंधराव्या लुईचं. समजा त्याच्या पिढीने जिनोआच्या सावकारांना सांगितलं, आम्हाला खाण्यापिण्याला पैसे द्या, १९ वर्षं व्याज मागू नका, त्यानंतर मात्र कायमचं सालाना १२⅝ टक्के घ्या. ऋण काढून सण, आणि फेडायला नातवंडं! हा १२⅝ आकडा हवेतून आलेला नाही. १०० पौंड चक्रवाढ ५ टक्क्यांनी १९ वर्षांत २५२ पौंड १४ शिलिंग होतात, आणि त्यावरचं एका वर्षाचं ५ टक्के व्याज १२ पौंड १२ शिलिंग ७ पेन्स.

पत्राचा खरा गाभा मात्र पुढे आहे. कुणी म्हणेल, नको असलेला कायदा नव्या पिढीने रद्द करावा, त्याला मुदत कशाला? जेफरसनचं म्हणणं, रद्द करण्याचा अधिकार आणि आपोआप संपणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. लोकांना स्वतःहून एकत्र जमता येत नाही, प्रतिनिधित्व विषम असतं, कंपू सभागृहं बळकावतात, लाच चालते, आणि प्रत्येक ठरावाच्या वाटेत धोंडे असतात. म्हणजे कायदा टिकतो तो लोकांना हवा असतो म्हणूनच असं नाही. तो काढणं अवघड असतं म्हणूनही टिकतो.

---

उलटतपासणी

छान मांडलंय. पण एका बाजूचं झालं, मॅडिसनचं उत्तर येऊ द्या की. तारीख ४ फेब्रुवारी १७९०, मुक्काम न्यूयॉर्क. (जेफरसनने ते पत्र सोबतच अमेरिकेला आणलं आणि जानेवारी १७९० मध्ये पाठवलं, म्हणून हा उशीर.)

मॅडिसनची रीत बघण्यासारखी आहे. आधी 'फार मोठा विचार आहे' म्हणून नमस्कार, मग एकेक खिळा काढायला सुरुवात. तो समाजाच्या कृतींचे तीन भाग पाडतो : राज्यघटना, मागे न घेता येणारे करार (कर्ज यातच आलं) आणि साधे कायदे.

राज्यघटनेबद्दल तीन शंका. वरचेवर बदलणाऱ्या व्यवस्थेला जुनेपणाने येणारा मान मिळत नाही. ठरावीक मुदतीला सगळं खुलं होणार हे माहीत असलं की गटबाजी आधीपासून दबा धरून बसते. आणि मुदत संपली पण नवं ठरलं नाही, तर मधल्या काळात राज्य कुणाचं?

कर्जाबद्दल : निसर्गाने दिलेली जमीन जिवंतांची, कबूल. पण जमीन काही रानटी अवस्थेत हाती येत नाही. मेलेल्यांनी बांध घातले, रस्ते केले, लढाया मारल्या. त्या सुधारणा घ्यायच्या तर त्यांचं देणंही घ्यावं लागेल. पुढच्यांच्याच फायद्यासाठी काढलेली कर्जंही असतात, आणि स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज हे समोरचंच उदाहरण. त्याच जानेवारीत अर्थमंत्री हॅमिल्टनने काँग्रेसपुढे कर्जाचा अहवाल ठेवला होता : संघाचं सुमारे ५.४ कोटी डॉलर, शिवाय राज्यांचं अंदाजे २.५ कोटी. बोलणं पुस्तकी नव्हतं.

साध्या कायद्यांबद्दल : मालमत्तेचे बहुतेक हक्क कायद्यावरच उभे. दर १९ वर्षांनी ते सगळे शून्यावर येणार असतील, तर अठराव्या वर्षी घर कोण बांधणार? जमिनीचा भाव काय राहील?

आणि सगळ्यात धारदार शेवटी. मूक संमती मानायचीच नाही असं ठरवलं तर बहुमताचा नियम तरी कुठून आला? बहुमताने सगळ्यांना बांधायचं हे आधी एकमताने ठरलेलं असायला हवं. आणि २१ पूर्ण करणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाने तर ते मान्य केलेलंच नाही. मग एकेक जण वयात येईल तसे सगळे कायदे पुन्हा एकमताने करत बसा! मौनाला संमती मानल्यावाचून समाज एक दिवसही चालत नाही, हा मॅडिसनचा दावा. जेफरसनने या मुद्द्याला सरळ उत्तर दिलेलं नाही.

---

पणजीकर

युझुफ्रुक्ट शब्द गोंयकारांना परका नाही. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या आमच्या वारसाकायद्यात तो जिवंत आहे. आईवडील घर मुलांच्या नावे करतात आणि हयातभरचा 'उझुफ्रुतु' स्वतःकडे ठेवतात, असे दस्त नोटरीकडे सर्रास होतात. त्यातला बारकावा असा : उपभोग घेणाऱ्याने रोजची डागडुजी करायची, पण घर गहाण टाकायचं तर मालकाची सही लागते. जेफरसनच्या रूपकात मालक म्हणजे न जन्मलेली पिढी. ती सही कुठून आणणार? म्हणून कर्ज नाही. रूपक त्याने मोजूनमापून घेतलंय.

पण डागडुजीचं काय? छप्परच नवं घालावं लागलं तर तो खर्च उपभोग घेणाऱ्याच्या एकट्याच्या माथी बसत नाही. मॅडिसनची सुधारणांची हरकत बरोबर इथे येऊन बसते.

---

गणितमास्तर

आकडे तपासले. १८ वर्षं ८ महिन्यांत १०,६७५ च्या दराने सुमारे १,९९,२७० नवे लोक प्रौढ होतात. जुन्यांतले निम्मे म्हणजे १,७४,२०८ उरतात, आणि एकूण ३,४८,४१७ कायम असल्याने नव्यांतलेही तितकेच हयात असले पाहिजेत. फरक २५,००० च्या आसपास, म्हणजे इतके नवे या काळात मेले. पटण्यासारखं आहे. ज्या घडीला जुने निम्म्यावर येतात, त्याच घडीला नवे निम्मे होतात. स्थिर लोकसंख्येत हे जुळणारच, तिथवर हिशेब चोख.

चूक गृहीतकांत आहे, आणि दोन जागी.

पहिली : १९ हा आकडा निर्णय एकमताने झाला असेल तरच खरा. बहुमताने झाला असेल तर? वर्षाला १०,६७५ प्रौढ मरतात. एका मताच्या बहुमताने झालेला कायदा त्या हिशेबाने दिवस मावळायच्या आत मेला. दोन तृतीयांश पाठिंबा असेल तर पाठीराख्यांतले पाव टक्का, चुकलो, पाव हिस्सा गेले की बहुमत संपलं, म्हणजे ढोबळमानाने ९ वर्षं. तीन चतुर्थांश असेल तर १२ च्या आसपास. (पाठीराखे आणि विरोधक सारख्याच दराने मरतात असं धरून.) म्हणजे खुद्द अमेरिकन घटनेच्या दुरुस्तीला जितका पाठिंबा लागतो, तितक्यातही १९ गाठता येत नाही.

दुसरी : स्थिर लोकसंख्या. फ्रान्सला ती एक वेळ चालली असती. अमेरिकेत १७९० च्या शिरगणतीत ३९,२९,२१४ माणसं होती, १८१० मध्ये ७२,३९,८८१. वीस वर्षांत ८४ टक्के वाढ! अशा समाजात नवे लोक जुन्यांना कितीतरी आधी मागे टाकतात. बफाँचाच मृत्युदर धरला तर १२ ते १४ वर्षांत.

---

उलटतपासणी

+१. पहिला मुद्दा तर मॅडिसनच्याच बाजूने जातो. मूक संमती काढून घेतली की १९ वर्षंसुद्धा हाती राहत नाहीत.

---

जुनाट

मुदतीची फेरतपासणी कागदावर बरी दिसते. प्रत्यक्ष करून पाहिली तेव्हा काय झालं तेही लिहा. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत दर सात वर्षांनी 'कौन्सिल ऑफ सेन्सर्स' बसवायची तरतूद होती. प्रत्येक शहरातून आणि काउंटीतून दोन सदस्य. काम : घटना पाळली गेली का, कर नीट वसूल आणि खर्च झाले का हे तपासणं, आणि दोन तृतीयांश मतांनी ठरलं तर घटनादुरुस्तीसाठी परिषद बोलावणं.

ती बसली एकदाच, १७८३-८४ मध्ये. मॅडिसनने 'फेडरलिस्ट'च्या (अमेरिकन घटनेची बाजू मांडणारी लेखमाला) ५० व्या लेखात तिची चिरफाड केली आहे. आधीच्या सात वर्षांत जे विधिमंडळात आणि कार्यकारी मंडळात बसले होते, त्यांतलेच कैक जण आता स्वतःचा कारभार तपासायला बसले. सभेचे दोन पक्के तट पडले. कुठलाही विषय काढा, मतदानाच्या दोन्ही रकान्यांत तीच ती नावं. बदल हवा असणाऱ्यांना दोन तृतीयांश जमले नाहीत आणि सगळं बारगळलं. पुढे १७९० मध्ये नवी घटना झाली ती या कौन्सिलला वळसा घालून. व्हरमाँटने मात्र हीच पद्धत १३ जणांच्या कौन्सिलने १८७० पर्यंत चालवली.

फेब्रुवारी १७८८ मधला ४९ वा लेख तर थेट जेफरसनवर आहे, व्हर्जिनियासाठी त्याने केलेल्या घटनेच्या मसुद्यावर. सतत लोकांकडे कौल मागायला जाणं म्हणजे व्यवस्थेत खोट आहे असं स्वतःच ओरडून सांगणं, हा सूर तिथे आधीच लागलेला आहे. १७९० चं पत्र त्याचीच पुढची आवृत्ती.

---

कलमबहाद्दर

आपल्याकडचा धागा इथे जोडतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधानसभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफरसनची दोन वचनं वाचून दाखवली. पहिलं : प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्र समजावं, बहुमताने तिने स्वतःला बांधावं, पण परदेशातल्या रहिवाशांना जसं बांधता येत नाही तसं पुढच्या पिढीलाही नाही. हे आहे २४ जून १८१३ च्या पत्रातलं, जॉन वेल्स एप्स या त्याच्या जावयाला लिहिलेल्या. दुसरं १८१६ चं : आमचे वकील आणि धर्मगुरू असं शिकवतात की जणू पृथ्वी मेलेल्यांची आहे, जिवंतांची नाही. आंबेडकरांनी हे नुसतं खरं नाही, पूर्णपणे खरं आहे असं म्हटलं.

गंमत अशी की निष्कर्ष त्यांनी जेफरसनचा घेतला नाही. १९ वर्षांची मुदत त्यांच्या भाषणात नाही. ते म्हणाले, आम्ही घटनेवर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही, अमेरिका-ऑस्ट्रेलियासारख्या अवघड अटी घातलेल्या नाहीत, दुरुस्ती सोपी ठेवली आहे. म्हणजे जेफरसनचं तत्त्व आणि मॅडिसनची यंत्रणा, फक्त यंत्रणेचा बोल्ट सैल केलेला. कलम ३६८ : प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, काही बाबतींत निम्म्या राज्यांची मान्यता. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या. तिकडे अमेरिकेत १७८९ पासून २७.

अवांतर : त्याच भाषणात जेफरसनचा उल्लेख अमेरिकन घटना घडवण्यात मोठा वाटा असलेला मुत्सद्दी असा आहे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती तेव्हा तो पॅरिसला वकिलातीत होता. घटनेवर त्याचा प्रभाव पत्रांतून पडला, सही नाही.

---

माळरान

इतका वेळ 'जिवंत' म्हणजे कोण हे कुणी विचारलं नाही. १७९० च्या त्याच शिरगणतीत सुमारे ७ लाख माणसं गुलाम म्हणून मोजली आहेत. बफाँच्या तक्त्यात २१ वर्षं ओलांडली की झालं. जेफरसनच्या व्हर्जिनिया राज्यात तसं नव्हतं.

आणि कर्जाबद्दल. जेफरसनला सासरा जॉन वेल्स वारल्यावर जमीन मिळाली, गुलाम मिळाले आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांचं देणंही मिळालं. ते देणं त्याच्या मानगुटीवर वर्षानुवर्षं बसलं होतं, पत्रातली कर्जाविषयीची चीड उगाच नाही. पण तो ४ जुलै १८२६ ला वारला तेव्हा स्वतःचं देणं एक लाख डॉलरच्या वर होतं. मृत्युपत्राने पाच जणांना मोकळं केलं. बाकीच्यांपैकी १३० माणसांचा जानेवारी १८२७ मध्ये माँटिसेलोला, त्याच्या मळ्यावर, लिलाव पुकारला गेला, घोडे, गुरं आणि घरातल्या सामानाबरोबर. मयताचं कर्ज जिवंतांनी फेडू नये असं लिहिणाऱ्याचं कर्ज फेडायला मायलेकरांची ताटातूट झाली. यात त्याच्या तर्काची चूक काढत नाही. तो तर्क कुणाच्या दारापाशी थांबला ते सांगतोय.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण अटळ आहे. त्यांनी तरुणपणी टॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं होतं. त्यात हाच मुद्दा परंपरेची बाजू घेणाऱ्या ब्रिटिश विचारवंत बर्कविरुद्ध आहे : इंग्लंडच्या १६८८ च्या पार्लमेंटला पुढच्या पिढ्या कायमच्या बांधायचा हक्क नव्हता, थडग्यापलीकडून राज्य करायची हौस हा सगळ्यात उद्धट जुलूम. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. पेनचा तर्क त्यांनी जिथे नेला, तिथवर जेफरसन स्वतः पोचला नव्हता.

---

उलटतपासणी

माळरान, लिलावाचा मुद्दा बिनतोड. पेनबद्दल एक पुरवणी. त्याच पुस्तकात तो म्हणतो की रद्द न केलेला कायदा चालू राहतो, कारण रद्द न करणं हीच संमती. म्हणजे निष्कर्षाच्या जागी पेन मॅडिसनच्या पंगतीत बसतो. जेफरसन इथे खरोखर एकटा आहे.

---

कलमबहाद्दर

अगदीच एकटा नाही. 'मौन म्हणजे समाप्ती' असा नियम घटनांमध्ये तुकड्यातुकड्याने सापडतो. अमेरिकन घटनेत लष्करासाठी पैसा दोन वर्षांहून जास्त मुदतीने मंजूर करता येत नाही. काँग्रेस गप्प बसली तर फौजेला पैसा नाही.

आपल्याकडे कलम ३३४. लोकसभा आणि विधानसभांतल्या राखीव जागांना (नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाला नव्हे, ही गल्लत दर महिन्याला कुठेतरी दिसते) मूळ मुदत दहा वर्षं. अनुसूचित जाती-जमातींसाठी दर दहा वर्षांनी दुरुस्ती करून ती वाढवली गेली, आता २०३० पर्यंत. अँग्लो-इंडियन नामनियुक्तीसाठी २०२० मध्ये वाढवली नाही. ती रद्द करा असा ठराव करावा लागला नाही. २५ जानेवारी २०२० ला ती आपसूक संपली. जेफरसन जो फरक सांगत होता तो हाच.

---

जुनाट

बँकेचं उदाहरण विसरू नका. पहिल्या राष्ट्रीय बँकेची सनद १७९१ ची, मुदत २० वर्षं, १९ च्या शेजारीच. १८११ मध्ये नूतनीकरण प्रतिनिधिगृहात ६५ विरुद्ध ६४ असं अडलं, सिनेटमध्ये १७-१७ झाले आणि उपाध्यक्ष जॉर्ज क्लिंटनच्या निर्णायक मताने ती बुडाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध, आणि सरकारला कर्ज उभारता उभारता नाकी नऊ.

आता मॅडिसन बघा. १७९१ मध्ये बँक घटनाबाह्य म्हणून त्याने विरोध केला होता. जानेवारी १८१५ मध्ये अध्यक्ष म्हणून नव्या बँकेच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला, पण घटनेचा मुद्दा बाजूला ठेवून : इतकी वर्षं तिन्ही शाखांनी आणि लोकांनी बँक मानली, तो प्रश्न आता मिटला. १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेवर सही. विरोधक टोपी फिरवली म्हणाले. ४ फेब्रुवारी १७९० चं पत्र वाचलेल्याला तसं म्हणता येणार नाही. मूक संमतीचं स्वतःचंच तत्त्व त्याने स्वतःच्याच मताविरुद्ध लावलं.

---

गणितमास्तर

मॅडिसनच्या बाजूचा हिशेबही होऊन जाऊ द्या. अमेरिकन घटनेच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यं लागतात, आज ५० पैकी ३८. अडवायला १३ पुरेत. २०२० च्या जनगणनेतली सगळ्यात लहान १३ राज्यं घेतली तर लोकसंख्येच्या ५ टक्क्यांहून कमी भरतात. इतक्या थोड्यांना अडवता येत असेल तर बाकीच्या ९५ टक्क्यांच्या मौनाला संमती कसं म्हणायचं? मूक संमतीचा तर्क बोलायची सोय असेल तरच उभा राहतो.

---

पणजीकर

मग मधला मार्ग कुणी काढला का? म्हणजे घटना आपोआप मरणार नाही, पण प्रश्न आपोआप विचारला जाईल?

---

जुनाट

काढलाय. १४ अमेरिकन राज्यांच्या घटनांत ठरावीक वर्षांनी मतपत्रिकेवर 'घटना परिषद बोलवावी का' हा प्रश्न येतो. न्यू हॅम्पशायर, अलास्का, हवाई इथे दर १० वर्षांनी, मिशिगनमध्ये १६, न्यूयॉर्क आणि ओहायोत २०. बहुतेक वेळा उत्तर 'नाही'. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये ८० टक्क्यांहून जास्त मतांनी नाकारलं.

बिघडतं ते बारीक अक्षरांत. न्यूयॉर्कने १८८६ मध्ये 'हो' म्हटलं, पण प्रतिनिधी निवडायचा कायदा विधिमंडळ आणि गव्हर्नर यांच्या भांडणात अडकला आणि परिषद भरली १८९४ मध्ये. तिने पहिला धडा घेतला : कौल 'हो' आला की प्रतिनिधींची निवडणूक आपोआप व्हावी, विधिमंडळाची वाट बघू नये. मेरीलँडमध्ये २०१० ला प्रश्नावर मत देणाऱ्यांपैकी सुमारे ५४ टक्के 'हो' म्हणाले तरी परिषद झाली नाही, कारण तिथे त्या निवडणुकीत मत द्यायला आलेल्या सगळ्यांचं बहुमत लागतं. प्रश्न कोरा सोडला की तो 'नाही'त जमा. आणि ओक्लाहोमाच्या घटनेत २० वर्षांनी विचारा असं लिहिलंय, पण १९७० नंतर विधिमंडळाने प्रश्न मतपत्रिकेवर आणलाच नाही.

---

टिपणवही (धागाकर्ता)

मेरीलँडचं उदाहरण कोऱ्या मतपत्रिकेचं आहे, म्हणजे शब्दशः मौनाचं. झकास.

गणितमास्तरांच्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल शोधलं. जेफरसनने आकडा पुढे सुधारला का? नाही. १२ जुलै १८१६ च्या सॅम्युएल कर्चेव्हलला लिहिलेल्या पत्रात तो परत तेच सांगतो : लहानपणचा अंगरखा मोठ्या माणसाला घालायला लावू नका, दर १९-२० वर्षांनी घटना तपासा. आणि आधार म्हणून 'युरोपातले मृत्यूचे तक्ते' असंच लिहितो. तोवर अमेरिकेच्या तीन शिरगणत्या झाल्या होत्या. त्यांतली पहिली, १७९० ची, परराष्ट्रमंत्री या नात्याने खुद्द त्याच्याच कचेरीतून बाहेर पडली होती.